अकराची मीटिंग आणि आमचा राउटर

नव्या सुनेला मैत्रिणी भेटल्या की विचारतात, सासू कशी आहे, नवरा बोलतो का, करमतं का. मला विचारतात, "नेट कसं आहे?" दोष त्यांचा नाही. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय आणि माझ्याकडे सांगण्यासारखं जे साठलंय, ते सगळं राउटरभोवतीच साठलंय. आमच्या वसमतला हळदीच्या दिवसांत फळी सकाळी पुसली तरी दुपारी तिच्यावर पिवळा थर असतोच. या किश्शांचं तसंच आहे. एक सांगून हात झटकावेत, तोवर दुसरा येऊन बसलेला!

तर आधी घर सांगते. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. सासूबाईंना म्हणते आत्या. आणि आमचे हे, म्हणजे मिलिंद, पुण्याच्या एका ऑफिसासाठी कॉम्प्युटरवर इमारतींची ड्रॉइंगं काढतात. मामा बाथरूममध्ये पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा हे धावत गावी आले. पुण्याच्या साहेबांनी सांगितलं, "वडिलांजवळ राहा. ड्रॉइंग तिथून पाठव. रोज अकराला नेटवरून मीटिंग. नेट टिकलं तर तिथं राहा. नाही टिकलं तर मात्र परत ये."

म्हणून टेलिफोनच्या लाइनवर नेट आलं. फोन खाली मधल्या खोलीत आणि यांचं टेबल माडीवर, म्हणून बिनवायरचा राउटर आला. हे तो नांदेडहून टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन आले. त्याच महिन्यात आमचं लग्न झालं.

म्हणजे नेट गेलं की हे पुण्याला जाणार, हे मला हळद उतरायच्या आधीच कळलं होतं. मला सोबत नेण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्यात यांची एका खोलीत चार पोरांमध्ये एक खाट होती, आणि मामांना तर आधाराशिवाय उठता येत नव्हतं.

आत्या शेजारणींना सांगायच्या, "दोघं एकाच महिन्यात आले घरात. एकाला बोलता येत न्हाई, दुसरी बोलत न्हाई!"

* * *

पहिल्याच आठवड्यात नेट मंद झालं. खाली बरं चाले, माडीवर अजिबात नाही. यांनी राउटरच्या सगळ्या सेटिंगा बदलल्या. नांदेडच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "भिंती जाड असतील." हे दोन दिवस भिंतींवर बोटं वाजवत फिरले. मामा खाटेवरून म्हणाले, "पाडून टाक एखादी."

मी साडी काढायला लोखंडी कपाट उघडलं. आत माझ्या शालूच्या घडीवर राउटर बसलेला! हिरवे दिवे लुकलुक करत होते. शेजारी आत्यांची मोहनमाळ आणि मामांचं पेन्शनचं पुस्तक.

मी दार उघडं ठेवून बाजूला झाले. हे खाली आले, बघतच राहिले.

"आई! यात काहून ठेवलं?"

"मंग? मोलाची चीज उघड्यावर ठेवतेत व्हय?"

"अगं, लोखंडातून त्याचा सिग्नल बाहेर येत न्हाई!"

"वायर बाहेर ठेवली की त्याची," आत्या म्हणाल्या. "मी काय इतकी निर्दयी हाय का!"

* * *

एकदा मीटिंगच्या तोंडावर नेट गेलं. यांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि तासभर सनई ऐकली. शेवटी कंटाळून रिसीव्हर आत्यांच्या हातात दिला, "कोणी बोललं की हाक मार," आणि माडीवर गेले. नेमकी तेव्हाच पलीकडून एक मुलगी बोलली. आत्यांनी हाक काही मारली नाही. त्यांची हिंदी बाजारात तयार झालेली आहे, कोणाला भीत नाही.

"माताजी, मॉडेम पे कितनी बत्तियां जल रही हैं?"

आत्यांनी वाकून पाहिलं. "एक बी नहीं."

"प्लग लगा है?"

"लगा है."

"दूसरे प्लग में लगाइए."

मला खूण झाली. मी दुसऱ्या प्लगात लावलं.

"अब कितनी जल रही हैं?"

"एक बी नहीं."

"फिर तो मॉडेम खराब है, माताजी. हम बदल के देंगे."

आत्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माडीकडे तोंड करून आरोळी दिली, "मिलिंदा, नवीन देऊन राहिले रे!"

वरून आवाज आला, "आई, लाइट गेलीय!"

आत्यांनी क्षणभर विचार केला. मग रिसीव्हर तोंडाशी धरून अगदी प्रेमानं म्हणाल्या, "बेटी, मॉडेम अच्छा है. पूरे बसमत में बत्ती नहीं जल रही. वो बदल के देती क्या?"

* * *

इन्व्हर्टर आला. लाइटचा प्रश्न मिटला. तरी रोज अकराच्या पुढेमागे नेट तुटायचंच. साहेब चिडून म्हणायचे, "मिलिंद, तुझं वाक्य कधी पूर्ण ऐकलंय असं मला आठवत नाही." हे हसून घ्यायचे. पण मीटिंग संपली की माळ्यावरच्या बॅगकडे एकदा बघायचे. मग मीही बघायचे.

शेवटी उलगडा झाला. फोनची घंटी वाजली की नेट तुटत होतं. आणि अकरा वाजता फोन यायचा तो वारंगा फाट्याच्या किसनमामांचा. ते ड्रायव्हर, आमचे मामा कंडक्टर. कितीतरी वर्षं दोघं एकाच गाडीवर. अकराला गाडी फाट्यावर चहाला थांबायची. आता दोघांची गाडी सुटली होती, पण चहाची वेळ सुटली नव्हती. अकरा वाजले की किसनमामा फोन करायचे, "काय कंडक्टर, पाय काय म्हणतो?"

ही बातमी मामांना सांगायची कोणी? हे आत्यांकडे बघायला लागले, आत्या माझ्याकडे, मी पातेल्याकडे. पण मामांनी ऐकलं होतं. त्यांनी स्वतःच फोन लावला. "किसन, उद्यापासून फोन करू नको. पोराच्या कामाला तकलीफ होते." आणि ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दारात किसनमामा! हातात केळी, डोक्याला रुमाल.

"फोन करू नको म्हणला," ते म्हणाले. "म्हणून आलो."

मग ते येतच राहिले. आठवड्यातून दोनदा तरी. एसटीनं यायचे, मामांच्या खाटेजवळ बसायचे, आपल्या गाडीच्या जुन्या प्रवाशांची नक्कल करायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मामा त्या दिवसांत वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायला लागले.

पुढे लाइनमननं फोनच्या वायरीला एक छोटी डबी बसवली. आता घंटी वाजली तरी नेट तुटत नाही. हे आनंदानं मामांना म्हणाले, "दादा, किसनकाकाला सांगा, आता खुशाल फोन करा म्हणावं."

मामांनी कूस बदलली.

"काही सांगू नको त्याला," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

* * *

थंडीत धाकट्या भावाची सोयरीक ठरली म्हणून मी माहेरी, सेनगावजवळच्या गोरेगावला गेले. निघताना राउटरची नीट ओळख करून दिली. लाल दिवा लागला तर बंद करून चालू करा, मध्ये थोडं थांबा, वायर जरा खालून दाबा.

गोरेगावला पोचते न पोचते तोच यांचा फोन. "नेट चालत न्हाई."

"बंद करून चालू केलं का?"

"केलं."

"वायर दाबली का?"

"दाबली."

"मग उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तर दोनदा. माझे बाबा काळजीत पडले. जावईबापू एवढा फोन करतात, पोरीचं काही बिनसलं तर नाही? मी म्हणाले, "न्हाई बाबा. नेट चालत न्हाई."

"मंग तू जाऊन काय करणार हाईस?"

"वायर दाबते."

बाबांनी आईकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला सेनगावच्या जीपमध्ये बसवून दिलं. वसमतला उतरले तोवर माझं डोकं कामाला लागलं होतं. मीटिंगा बुडाल्या असतील, साहेब बोलले असतील, बॅग माळ्यावरून खाली आली असेल.

घरात शिरल्याबरोबर आत्यांना विचारलं, "नेट कधीपासून बंद आहे?"

आत्या भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"नेट? नेट तर एकदम बराबर चालून राहिलं की!"

जिन्यावर हे उभे होते. माझ्याकडे बघितलं आणि राउटरची काहीही चूक नसताना त्याची वायर दाबायला गेले.

* * *

हळदीचा हंगाम सुरू झाला. पाठीमागे हुसेनचाचांचा कारखाना आहे. शिजवून वाळवलेली हळकुंडं तिथं मोठ्या लोखंडी ड्रममध्ये घालतात, मोटर लावतात, आणि ड्रम फिरून फिरून हळकुंड गुळगुळीत होतं. आवाज असा की शेजारच्या घरात भांडणसुद्धा हातवाऱ्यांनी करावं लागतं.

नेट पुन्हा अकराला तुटायला लागलं. घंटी नाही, लाइट गेलेली नाही, तरीही. साहेबांनी या वेळी आवाज चढवला नाही, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाले, "बघ बाबा, काय ते ठरव."

मी स्वयंपाकघरात असते. तिथला बल्ब अकराला एकदम डोळा मिटल्यासारखा व्हायचा आणि परत उघडायचा. त्यानंतर माडीवरून "गेलं!" असा आवाज यायचा. मी तीन-चार दिवस पाहिलं. मग यांना बोलावलं आणि म्हणाले, "बल्ब बघा."

यांनी बघितला. बाजारात गेले. नवीन बल्ब आणून लावला.

आता याला काय म्हणावं! दुसऱ्या दिवशी अकराच्या आधी मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात उभं केलं. लग्नानंतर आत्यांसमोर मी यांचा हात धरला तो पहिल्यांदाच. पाठीमागं ड्रमची मोटर घरघरली, बल्ब मिटला, इन्व्हर्टरला कळायच्या आत उघडला. मधल्या खोलीत राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा एकेक लागायला लागले.

हे पाठीमागं धावले. चाचांनी ड्रम थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"कितनी देर चलती तुम्हारी मीटिंग?"

"एक घंटा, चाचा."

"और नहीं सुना तो?"

"तो मेरे को पूना जाना पडता."

चाचांनी भिंतीवरून आमच्या अंगणात पाहिलं. मी एव्हाना तिथं धुणं वाळत घालत होते, मान खाली.

"एक घंटा तो मैं घरवाली की भी सुन लेता," चाचा म्हणाले. "जा, अकरा से बारा ड्रम बंद."

आठ दिवसांनी चाची आमच्याकडे आल्या, जरा फणकाऱ्यातच. "तुमच्या मीटिंगपायी हे माणूस रोज अकराला घरी येऊन बसतं. म्हणतं, बोल, तासभर हाय माझ्याकडं. आता रोज रोज बोलू तरी काय मी?"

* * *

मार्चपासून ऊन तापलं आणि राउटरही तापला. दुपारी हात लावला तर तव्यासारखा. तापला की अडकायचा, अडकला की बंद करून चालू. एके दिवशी बघते तर माठाच्या झाकणावर ओलं फडकं आणि त्यावर राउटर!

हे किंचाळले. "आई, पाण्यानं जळंल तो!"

"लेकराला ताप आला की आपण काय करतो?"

"तो लेकरू न्हाई, मशीन हाय!"

"म्हणून काय झालं? घर त्याच्यावर चाललंय ना?"

मग तडजोड झाली. फुटक्या रांजणाचं एक गार खापर कोरडं करून त्यावर त्याला बसवलं. खाली हवा खेळायला दोन लाकडी ठोकळे. हे अजून मान्य करत नाहीत, पण अडकणं कमी झालं. आत्या सकाळी उठल्या की आधी मामांच्या कपाळावर हात ठेवतात, मग राउटरवर.

"आज दोघं बी गार हाईत," असं सांगून चहा ठेवतात.

* * *

आता शेवटचा.

चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक होऊन थोडेच दिवस झाले होते. साहेबांचा फोन आला. सोमवारच्या मीटिंगला मुंबईची मोठी पार्टी नेटवर बसणार होती. मोठी इमारत, सगळी ड्रॉइंगं यांची. "तुलाच समजावून सांगायचंय. मध्ये तुटलं तर माझ्यानं पुढं निभावणार नाही. मंगळवारी पुण्यात हजर व्हायचं. नाही तुटलं, तर पुन्हा हा विषय मी काढणार नाही."

सोमवारी सगळं घर सकाळपासून चवड्यावर चालत होतं. मिक्सर बंद. चाचांचा ड्रम बंद. खापरावर राउटर गार. अकराला हे माडीवर गेले, दार लावलं. वरून आवाज यायला लागला, स्पष्ट, न तुटता. मी भाजी निवडायला बसले.

तेवढ्यात गल्लीतून कुदळीचा आवाज आला.

बाहेर गेले तर नळाच्या पाइपसाठी चर खणणं चाललेलं. चार माणसं, एक मुकादम. चर कोपऱ्यावरून थेट आमच्या दाराकडे येत होता. आणि आमच्या फोनची वायर तिथंच होती, मातीखाली, वीतभरही खोल नाही. हळदीच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्या वरची वायर सारखी तोडायच्या, म्हणून लाइनमननं ती महिन्याभरापूर्वीच गल्लीत पुरली होती. कुठून कुठं, ते मी खिडकीतून पाहिलं होतं.

मी "थांबा" म्हणाले. माझ्या आवाजाची सवय मलाच नाही, तर कुदळीच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार! कुदळ वर गेली. मी पुढं झाले आणि वायर होती त्या जागी खाली बसले. गल्लीच्या मधोमध, मातीत.

कुदळ वरच्या वर थांबली.

मुकादम धावत आला. "काय झालं बाई? चक्कर आली का?"

"न्हाई."

"मंग उठा की."

"न्हाई."

"अहो, काम हाय आमचं!"

"मीटिंग हाय," मी म्हणाले.

"कोणाची?"

मी माडीकडे बोट दाखवलं. मुकादमानं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपाळाचा घाम पुसला. "बाई, मी तुमच्या घरच्यांना बोलावतो," म्हणाला आणि दाराशी जाऊन हाका मारायला लागला. आजूबाजूच्या दारांत बायका आल्या. वर्ष न झालेली सून, भर उन्हात, रस्त्यावर फतकल मारून बसलेली. पदर कुठं होता मला आठवत नाही.

आत्या बाहेर आल्या. आता काय बोलतात, म्हणून मी मातीकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चराकडे पाहिलं, वरच्या बंद दाराकडे पाहिलं. आणि आत गेल्या.

परत आल्या तेव्हा हातात सूप होतं आणि सुपात तूर.

"सरक जरा," म्हणाल्या, आणि शेजारी बसून तूर निवडायला लागल्या.

"आजी, तुमी बी?" मुकादम म्हणाला.

"तू चहा घे. कपबश्या ओट्यावर हाईत, पातेलं झाकलेलं हाय. ओतून घे आन् यांना बी दे. आवाज करू नको."

थोड्या वेळानं दारात खट्ट झालं. वॉकर. मामा पडल्यापासून ते कधी उंबऱ्याच्या बाहेर आले नव्हते. मी उठायला गेले तर आत्यांनी माझा गुडघा दाबून धरला. मामांनी एक पाऊल टाकलं, थांबले, दुसरं टाकलं. कुदळवाल्यांपैकी एकानं पुढं होऊन खुर्ची आणली. मामांनी ती आपल्या हातानं सरकवून बरोबर आमच्या मागं, वायर दाराकडे वळते तिथं ठेवली आणि बसले. वॉकर पुढ्यात आडवा धरला, गाडीत कोणाला चढू द्यायचं नसल्यासारखा.

ऊन डोक्यावर आलं. मामांच्या टकलावरून घामाचे ओघळ येत होते. तूर निवडून झाली. आत्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली. माडीवरचा आवाज चालूच होता, जिना, खांब, खिडकी, पुन्हा जिना. मग तो थांबला. कोणीतरी लांबून हसल्यासारखं ऐकू आलं.

जिना धडधडला. हे बाहेर आले. शर्ट घामानं चिकटलेला, चेहरा असा की मी तसा आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"झालं! एकदा बी तुटलं न्हाई! साहेब म्हणले, आता तिथंच राहा, पुण्याचं नाव काढू नको..."

आणि मग त्यांना आम्ही दिसलो. रस्त्याच्या मधोमध मी, आई, खुर्चीत वडील. कडेला कुदळी टाकून चहा पिणारी माणसं.

"तुमी सगळे इथं काहून बसले?"

मुकादमानं तोंड उघडलं. आत्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते मिटून घेतलं.

मामांनी रुमालानं डोकं पुसलं, मान पुसली, आणि एप्रिलातल्या त्या आभाळाकडे बघत म्हणाले,

"काही न्हाई. जरा ऊन खाऊन राहिलो."